सारवभौम

अनसूयाताई कळंब्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना दोन चहा आणायला पिटाळलं. एक माझ्यासाठी आणि एक ऑफिसातल्या क्लार्कसाठी. महाडच्या आमच्या कॉलेजात त्या रविवारी मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा वर्ग होता आणि या बाई वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीखाली, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. शिपायाच्या घरातल्या कुणी असतील असं मी ठरवून टाकलं. मी बरंच काही असं न विचारता ठरवतो.

त्या उठल्या, टपरीवरून चहा घेऊन आल्या आणि परत खिडकीखाली बसल्या. मी चहा संपवून हजेरी घ्यायला लागलो. "कळंबे अनसूया." वर्गात कुणी बोलेना. "पहिल्याच दिवशी गैरहजर. हे बाहेरून शिकणारे," असं मी पुटपुटतो आहे तोच खिडकीतून आवाज आला, "हजर, सर."

"अहो मग आत या ना," मी म्हणालो.

"आत चालतं का? फॉर्म भरला तवा हापिसातले भाऊ म्हणाले, तुमचं बी.ए. बाहेरून हाय. म्हणून बाहेर बसले. हितनं बी आयकू येतं समदं."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, आणि माझ्या हातात अजून त्यांनी आणलेला चहाचा पेला आहे हे माझ्या लक्षात आलं. पेला कुठे ठेवावा ते सुचेना. त्यांनीच आत येऊन तो माझ्या हातून घेतला, खिडकीत ठेवला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं. मी त्या कॉलेजात तीसेक वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. दूरशिक्षण म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, असं माझं ठाम मत होतं. "विद्या ही डोळ्यांत डोळे घालून द्यायची गोष्ट आहे," हे वाक्य मी गॅदरिंगपासून निरोप समारंभापर्यंत जागा मिळेल तिथे म्हणायचो. ज्या नव्वद मुलांसमोर म्हणायचो त्यातल्या नऊ जणांचीसुद्धा नावं मला येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. अशा माणसाला प्राचार्यांनी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचं काम का द्यावं? मी ते का घेतलं, याचं उत्तर मात्र सोपं आहे. रविवारी घरी राहिलो की बायको माळा साफ करायला लावायची.

अनसूयाताई आंबेनळी घाटातल्या एका वाडीवर अंगणवाडी सेविका होत्या. घाटाच्या रस्त्यापासून वर अर्धा तास चढ. पहाटे भाकऱ्या करून निघायच्या, खाली येऊन मिळेल त्या गाडीने पोलादपूर आणि तिथून एसटीने महाड. दोन मुलगे पनवेलला कामाला, नवरा शेती बघणारा. त्याच्याविषयी त्या एकच वाक्य बोलायच्या, "आमचे हे बोलत कमी, पण रविवारचं जेवान करून ठेवत्यात."

या वयात बी.ए. कशाला, असं मी त्यांना दुसऱ्याच रविवारी विचारलं होतं. प्रश्न सहानुभूतीचा असल्यासारखा विचारला, पण होता तो टोमणाच. त्यांनी सरळ उत्तर दिलं.

"पर्यवेक्षिका व्हायचंय, सर. आमच्या पर्यवेक्षिका येतात, रजिस्टर बघतात, सही करतात नि गाडी चुकंल म्हणून पळतात. पोरांकडं बघतच नाय कोन. मी झाले तर आदी पोरं बघीन, मंग रजिस्टर. पण त्याला पदवी पायजे. आनि वयाची अट हाय. पुढली जाहिरात निघंल तीत मी बसंन. त्याच्या पुढलीत नाय."

म्हणजे तीन वर्षांत बी.ए. होणं भाग होतं. एकही वर्ष वाया जाऊन चालणार नव्हतं. हे मला तेव्हा समजलं, आणि मी "बघू, बघू" म्हणालो. 'बघू' हा शब्द मी फार वापरायचो.

त्यांची अभ्यासाची रीत मी आयुष्यात दुसरीकडे पाहिली नाही. पुस्तकातला धडा त्या चढ चढताना मोठ्याने वाचायच्या आणि मग अंगणवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या पोरांना गोष्ट करून सांगायच्या. खरंच सांगायच्या. अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा त्यांनी पोरांना शेंगदाण्याच्या लाडवांवर शिकवला होता. "लहान पोराला सांगता आलं तर मला कळलं," असं त्या म्हणायच्या. "नाय सांगता आलं तर नुसतं पाठ झालं." मी हे ऐकून वर्गाला डोळा मारला होता. माझी स्वतःची व्याख्यानं मी पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून वाचत असे आणि त्यातला एखादा कागद मागेपुढे झाला की चाचपडत असे, तरीसुद्धा.

पावसाळ्यात घाटात दरड आली की त्यांचा फोन यायचा. "सर, खाली उतरता येत नाय. तुमी वर्गात फोन टेबलावर ठेवा नि बोला. मी हितनं आयकते." मी म्हणालो, "बाई, हे काय आकाशवाणी केंद्र आहे? समोर बसल्याशिवाय शिकणं होत नाही." तेव्हा त्या जे बोलल्या ते मी उद्धटपणा म्हणून लक्षात ठेवलं होतं. म्हणाल्या, "समोर बसल्याचं काय सांगू नका, सर. आमच्या अंगणवाडीत कायी पोरं मांडीला मांडी लावून बसत्यात नि घास गिळत नायत. येखादं दाराशी बसतं नि चाटून खातं." फोन मी ठेवला, पण टेबलावर नाही. खिशात.

मग तिसऱ्या वर्षाचा स्वाध्याय आला. स्वाध्याय म्हणजे घरून लिहून आणायची उत्तरं, त्याला वीस गुण, आणि ते तपासायचा मी. प्रश्न होता, राज्याच्या सार्वभौमत्वाची संकल्पना स्पष्ट करा. पुस्तकात त्याची अडीच पानं होती. सगळ्यांनी ती अडीच पानं उतरवून आणली आणि मी सगळ्यांना पंधरा-सोळा गुण देत सुटलो. अनसूयाताईंनी मात्र शब्दच चुकीचा वाचला होता. 'सारवभौम'. आणि त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला होता.

त्यांनी लिहिलं होतं ते मला आजही तोंडपाठ आहे. "सारवभौम म्हणजे सारवलेली भुई. जी भुई आपण स्वतः सारवतो ती आपली. दुसऱ्याच्या घरी आपण जेवतो, झोपतो, पण विचारल्याशिवाय त्यांची भुई सारवत नाही. कारण तो मान घरच्या बाईचा आहे. घराची मालकीण कोण हे कागदावर बघू नये, शेणाने हात कुणाचे भरले आहेत ते बघावे. ज्या राज्याची भुई दुसरा येऊन सारवतो, ते राज्य त्या लोकांचे नव्हे, मग झेंडा कुणाचाही असो."

मी काय केलं असेल? तो कागद स्टाफरूममध्ये नेला आणि मोठ्याने वाचून दाखवला. आवाजात चढउतार करून, हातांनी सारवण्याचे हावभाव करून. सगळे हसले. संस्कृतच्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "अहो, व्युत्पत्ती चुकली आहे, पण बाकी काय चुकलंय?" मी म्हणालो, "बाकी सगळं शेण आहे." या विनोदावर मी इतका खूश होतो की घरी जाऊन बायकोलाही सांगितला. ती हसली नाही. तिला विनोदबुद्धी नाही असं मी ठरवून टाकलं. मग लाल पेनाने मोठा गोल काढून वीसपैकी सहा लिहिले, खाली शेरा मारला, "स्वतःच्या मनाचे लिहू नये. पुस्तकातील व्याख्या द्यावी," आणि झोकात सही ठोकली.

निकाल लागला. राज्यशास्त्रात अनसूयाताई तीन गुणांनी नापास झाल्या. बाकी सगळे विषय सुटले होते. त्या निकालाचा कागद घेऊन केंद्रावर आल्या आणि म्हणाल्या, "सर, तीन कमी पडले." सहाऐवजी नऊ दिले असते तर त्या पास होत्या, ही बेरीज मला जमण्यासारखी होती. पण मी ती केली नाही. उलट खुर्चीत मागे रेलून त्यांना दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं. नियमित वर्गाला पर्याय नाही, बाहेरून शिकण्याच्या मर्यादा असतात, पाया कच्चा राहतो, वगैरे वगैरे. त्या पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "परत कदी बसता येतंय?"

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी."

त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि एसटी गाठायला निघून गेल्या. पर्यवेक्षिकांची जाहिरात त्याच पावसाळ्यात निघाली. अनसूयाताईंच्या हातात पदवी नव्हती. वयाची अट त्यांनी सांगितली होती तशीच होती. आपण काय करून बसलो हे मला त्या दिवशीही उमजलं नाही. वर्तमानपत्रातली ती जाहिरात मी वाचली होती आणि उलटून शब्दकोडं सोडवलं होतं.

पुढल्याच वर्षी सगळं बंद पडलं, कॉलेजला कुलूप लागलं, आणि डोळ्यांत डोळे घालून विद्या देणारा मी मोबाइलच्या डोळ्यात डोळे घालून बसलो. घरच्या कपाटाच्या दाराला फळ्याचा कागद चिकटवला, समोर डब्यांच्या उतरंडीवर फोन उभा केला. फोनमध्ये बघतो तर फळ्यावरची अक्षरं उलटी दिसत होती, आरशात दिसतात तशी. मी खचलो नाही. एक अख्खी दुपार बसून उलटी अक्षरं काढायला शिकलो. 'राज्यसंस्था' हा शब्द उजवीकडून डावीकडे लिहून बघा, म्हणजे माझे कष्ट कळतील. फोनमध्ये तो सरळ दिसला तेव्हा मला कोण आनंद झाला.

तीन तास मी असे घेतले. विद्यार्थी गप्प. माझ्या शिकवण्याने भारावले असतील असं मी समजलो. चौथ्या दिवशी अनसूयाताईंचा फोन आला. त्या पुन्हा त्याच विषयाला बसल्या होत्या, पोरांची वजनं सरकारी अ‍ॅपवर भरून भरून त्यांचा हात फोनवर चांगला बसला होता.

"सर, रागवू नका. तुमी फळ्यावर उलटं का लिवताय?"

"मला इथे उलटं दिसतं म्हणून."

"ते तुमच्याकडंच तसं दिसतं. तुमाला उलटं दिसलं तरी आमाला सरळच दिसत असतं, सर. तुमी नेहमीसारखं लिवा."

"बाकीचे कुणी बोलले नाहीत ते?"

"ते फोन आरशासमोर धरून वाचत व्हते," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्याच काळात माझ्या नावामागे बढतीचा एक शब्द लागायचा होता आणि त्यासाठी प्राध्यापकांचा उजळणी वर्ग करणं सक्तीचं होतं. तोही ऑनलाइन. म्हणजे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मी बाहेरून शिकायला बसलो. स्वाध्याय आला. विषय होता सार्वभौमत्व. मी विचार केला, तीस वर्षं हेच शिकवतोय, कशाला डोकं शिणवायचं? पिवळी टिपणं काढली आणि उतरवून पाठवली. आठवड्याने उत्तर आलं, "असमाधानकारक. पुनश्च सादर करावे. पुस्तकातील मजकूर नको, स्वतःच्या शब्दांत लिहा."

माझं डोकंच फिरलं. घरभर येरझाऱ्या घालत मी ओरडत होतो, कोण हा परीक्षक? यानं मला कधी पाहिलं तरी आहे का? मी कोण, कुठून आलो, किती वर्षं घासली, काही माहीत नसताना एका फटक्यात असमाधानकारक? बायको ताक घुसळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "त्या सारवणाच्या बाईंचं पुढे काय झालं हो?"

मी खुर्चीत बसलो. मग उठून केंद्राची फाइल काढली आणि वर्षापूर्वी करायची ती बेरीज त्या दिवशी केली. लाज वाटली. माझा स्वाध्याय मी पुन्हा लिहायला घेतला तेव्हा सार्वभौमत्वाबद्दल माझ्या स्वतःच्या शब्दांत मला चार ओळीसुद्धा लिहिता येईनात. ज्या ज्या वाक्याशी मी जात होतो तिथे आधीच कुणीतरी भुई सारवून ठेवली होती. शेवटी कसंबसं पान भरलं आणि काठावर पास झालो.

अनसूयाताई त्या वर्षी उत्तम गुणांनी बी.ए. झाल्या. त्यांचं पदवीचं प्रमाणपत्र केंद्रावर आलं तेव्हा मी निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते. प्रमाणपत्र टपालाने पाठवता आलं असतं, तशी पद्धतच होती. पण मी ते घेऊन निघालो. पोलादपूरला उतरून घाटातली गाडी पकडली आणि तो अर्ध्या तासाचा चढ सव्वा तासात चढलो. तीनदा बसलो. दुसऱ्यांदा बसलो तेव्हा गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका म्हातारीने विचारलं, "दवाखान्यात जायचंय काय रे, बाबा? तो खाली हाय."

अंगणवाडीची एकच खोली. पोरं गोल करून बसली होती, अनसूयाताई मोठ्या पातेल्यातून खिचडी वाढत होत्या. मला बघून त्या उठल्या, पाणी दिलं, पोरांना म्हणाल्या, "हे माजे सर. नमस्कार करा." पंधरा पोरांनी खरकट्या हातांनी नमस्कार केला. मी प्रमाणपत्र दिलं. त्यांनी पदराला हात पुसले, ते दोन्ही हातांनी घेतलं, आपलं नाव बोट ठेवून वाचलं आणि पोरांच्या हाती लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवलं.

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो स्पीकरवर लावला. पलीकडे त्यांच्या नव्या पर्यवेक्षिका होत्या. आवाज मी लगेच ओळखला. माझ्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची, माझी टिपणं शब्दशः उतरवून पहिल्या वर्गात आलेली मुलगी. "ताई, कमी वजनाच्या पोरांची यादी करायची म्हणजे नक्की काय करायचं हो?" असं ती विचारत होती. अनसूयाताईंनी तिला सावकाश, दोनदा समजावून सांगितलं. आवाजात जराही चढ नव्हता. "पोर गुणाची हाय," फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "पण तिला कुनी पोर दाखवलंच नाय. नुसतं रजिस्टर दाखवलंय." कुणी, ते मी विचारलं नाही.

"ताई," मी म्हणालो. त्या दिवसापर्यंत मी त्यांना बाईच म्हणत होतो. "ते तीन गुण माझ्यामुळे गेले. तुमचं उत्तर बरोबर होतं. माझ्या पुस्तकापेक्षा बरोबर होतं. तुमची जागा मी घालवली."

"म्हायती हाय, सर."

"कधीपासून?"

"तवापासून. कागद परत आला ना घरी. तुमची सही व्हती त्याच्यावर. बेरीज येती मला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी एवढं व्याख्यान झोडत होतो."

त्यांनी पळी पातेल्यात ठेवली. "बोलले असते तर तुमी गुन वाढवले असते?"

मी खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणालो, "नाही."

"मंग कशाला बोलायचं? पन वाईट वाटलं, सर. लई वाटलं. चार दिवस मी पोरांना कायबी शिकवलं नाय. नुसतं जेवायला वाढलं."

मी मान खाली घातली. मग भिंतीकडे बघितलं. भिंतीवर पोरांच्या वाढीचे तक्ते होते. प्रत्येक तक्त्यावर तीन पट्टे, हिरवा, पिवळा आणि लाल, आणि त्यावर दर महिन्याच्या वजनाचे ठिपके. मी विचारलं, "हे लाल पट्ट्यातलं कोण?"

"त्यो. खिडकीपाशी." त्यांनी एका किरकोळ पोराकडे बोट केलं. ते पोर इतरांपेक्षा मोठी ताटली घेऊन खात होतं. "आमच्याकडं पोर लालमध्ये गेलं की त्याला जास्त वाढत्यात, सर. दिवसातनं दोनदा जास्त. तुमच्याकडं लाल पडलं की ताट काढून घेत्यात. येवढाच काय तो फरक."

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या एखादी माहिती द्यावी तशा बोलल्या. मग कोपऱ्यातली एक ताटली घेऊन विसळली, माझ्यासमोर ठेवली आणि खिचडी वाढली. मी "पुरे" म्हणून हात आडवा धरला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्याच दिवसापासून बघत होत्या तसंच, आणि माझा हात बाजूला करून आणखी एक पळी वाढली.

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "तुमाला जरा जास्तच लागंल."